फ्लॉरेन्स ते असीसी : एका सायकलीची बखर

इटालियन सायकलपटू जिनो बार्ताली याच्यावर आयली आणि आंद्रेस मॅकॉनन या बहीणभावांनी लिहिलेले ‘रोड टू व्हेलर’ हे इंग्रजी चरित्र २०१२ साली प्रसिद्ध झाले. ज्यांनी ते वाचले, ते सहसा दुसऱ्या कोणाला तरी वाचायला देतात, असा अनुभव आहे. पुस्तक आहेच तसे. एका मजुराचा मुलगा, त्याची सायकल, त्याचा भाबडा वाटावा इतका निष्ठावंत धर्मभाव, महायुद्ध आणि दहा वर्षांच्या अंतराने मिळालेले दोन ‘टूर द फ्रान्स’ विजय! एवढे साहित्य हाती आल्यावर कोणत्याही चरित्रकाराची लेखणी धावेल. मात्र ज्या प्रकरणांमुळे हे पुस्तक जगभर वाचले गेले, नेमकी तीच प्रकरणे टीकाकाराला थांबायला लावतात. प्रस्तुत लेख त्या प्रकरणांपुरता आहे.

कथा थोडक्यात अशी. बार्तालीचा जन्म १८ जुलै १९१४ रोजी फ्लॉरेन्सजवळच्या पोन्ते आ एमा या गावी झाला. १९३६ व १९३७ साली त्याने ‘जिरो द’इतालिया’ जिंकली आणि १९३८ साली ‘टूर द फ्रान्स’. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने दोस्तांशी तह केला, जर्मन सैन्याने उत्तर व मध्य इटली ताब्यात घेतली आणि तेथील ज्यूंची धरपकड सुरू झाली. फ्लॉरेन्सचे आर्चबिशप एलिया दाल्ला कोस्ता आणि तेथील तरुण रब्बी नातान कास्सुतो यांनी ज्यूंना लपवण्यासाठी, त्यांना खोटी ओळखपत्रे मिळवून देण्यासाठी एक जाळे उभे केले. असीसी या संत फ्रान्सिसच्या गावी लुइजी ब्रित्सी आणि त्याचा मुलगा त्रेन्तो हे आपल्या साध्या छापखान्यात अशी ओळखपत्रे छापीत. फ्लॉरेन्स ते असीसी हे अंतर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. बार्ताली सरावाच्या निमित्ताने सायकलीवरून ही वाट तुडवी; बैठकीची दांडी उपसून चौकटीच्या पोकळ नळीत छायाचित्रे व कागद गुंडाळून ठेवी; आणि नाक्यावरच्या शिपायांनी अडवलेच, तर ‘सायकलीला हात लावू नका, तिचे भाग फार नाजूक जुळवलेले आहेत’ असे सांगे. शिपाई त्याला ओळखत. कोणी त्याची सही मागत. अशा फेऱ्यांतून सुमारे आठशे जीव वाचले, असे सांगितले जाते.

ही कथा वाचताना मन भरून येते, हे मान्य केलेच पाहिजे. तिच्यात खोटे असे काही जाणवत नाही. इंचभर रुंदीच्या नळीत गुंडाळलेले कागद मावतात. कसलेला सायकलपटू एका दिवसात एवढे अंतर काटू शकतो. आणि बार्ताली १९४० पासून लष्करात निरोप्याचे काम करीत होता, तेव्हा रस्त्यावर त्याच्या दिसण्याचे कोणाला नवल वाटण्याचे कारण नव्हते. सर्व काही संभाव्य आहे. परंतु संभाव्य असणे आणि घडलेले असणे यांत जे अंतर असते, ते पावणेदोनशे किलोमीटरपेक्षा मोठे असू शकते.

या फेऱ्यांची हकीकत वाचकांपर्यंत प्रथम पोहोचली ती १९७८ साली, म्हणजे घटनेनंतर सुमारे पस्तीस वर्षांनी. अलेक्झांडर रामाती हा मूळचा पोलिश वार्ताहर १९४४ च्या उन्हाळ्यात दोस्त सैन्याबरोबर असीसीत आला होता. त्याने पुढे तेथील फ्रान्सिस्कन पाद्री रुफिनो निकाच्ची यांच्या सांगण्यावरून ‘द असीसी अंडरग्राउंड’ हे पुस्तक लिहिले. त्याचा घाट कादंबरीचा आहे. त्यात संवाद आहेत, प्रसंग रंगवलेले आहेत, एकेक पात्र दाराआडून प्रवेश करते. १९८५ साली त्यावर चित्रपट निघाला. २००६ मध्ये इटलीच्या राई दूरचित्रवाणीने बार्तालीवर स्वतंत्र कथापट दाखवला. त्याच सुमारास राष्ट्राध्यक्ष चांपी यांनी बार्तालीला मरणोत्तर सुवर्णपदक दिले. २०१३ साली जेरुसलेमच्या याद वाशेम या संस्थेने त्याला ‘राष्ट्रांतील सज्जन’ हा सन्मान दिला आणि २०१८ ची जिरो शर्यत त्याच्या स्मरणार्थ थेट जेरुसलेमहून सुरू झाली.

मराठी वाचकाला हा क्रम ओळखीचा वाटेल. आपल्याकडे याला बखर म्हणतात. घटना घडून एक पिढी लोटते. कोणी वृद्ध जाणता माणूस सांगतो. कोणी लेखणीबहाद्दर ते लिहून काढतो. लिहिताना संवाद येतात, वीररस येतो, सैन्याचे आकडे फुगतात. आणि पुढच्या पिढीचे नाटक-कादंबऱ्या त्या बखरीवर पोसल्या जातात. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पानिपतविषयक पहिला खंड काढला, तेव्हा प्रस्तावनेत त्यांनी बखरींची जी झाडाझडती घेतली तिने अनेकांची मने दुखावली. एका बाजूला अस्सल पत्रे, दुसऱ्या बाजूला रसाळ बखरी. राजवाड्यांनी कौल पत्रांच्या बाजूने दिला. बखरींचे वाङ्मयीन मोल त्याने कमी झाले नाही. भाऊसाहेबांची बखर आजही वाचावी, आणि मोठ्याने वाचावी. पण पानिपतावर कोण कोठे उभे होते हे ठरवायला ती पुरेशी नाही, एवढे त्या प्रस्तावनेनंतर मराठी अभ्यासकाला विसरता येईनासे झाले.

बार्तालीच्या बाबतीत राजवाड्यांचे काम करायला दोघे-तिघे पुढे आले. इटलीतील ज्यूंच्या छळाच्या इतिहासाचे अभ्यासक मिकेले सारफात्ती यांनी २०१७ साली ओळखपत्रांच्या हकीकतीला समकालीन पुरावा कोणता, हा प्रश्न उपस्थित केला. २०२१ साली इतिहासकार स्तेफानो पिवातो आणि त्यांचे पुत्र मार्को यांनी एक अख्खे पुस्तकच लिहिले. त्याच्या उपशीर्षकात ‘रचलेली कथा’ असा शब्दप्रयोग आहे, यावरून त्याचा सूर कळावा. स्तेफानो पिवातो हे बार्तालीचे निंदक आहेत असे मात्र कोणी समजू नये. कॅथलिक इटलीने बार्तालीला आपला आदर्श पुरुष कसा बनवला, यावर त्यांनी १९८५ सालीच ग्रंथ लिहिला होता. म्हणजे ज्याने मूर्तीची घडण अभ्यासली, त्यानेच पुढे मूर्तीचे सांधे दाखवले. त्यांचा मुख्य मुद्दा असा, की सर्व धागे मागे मागे नेत गेले की ते रामातीच्या कादंबरीवजा पुस्तकापाशी येऊन थांबतात.

दुसरी बाजूही मोकळ्या मनाने मांडली पाहिजे. जिओर्जिओ गोल्डनबर्ग यांनी उतारवयात साक्ष दिली, की त्यांच्या कुटुंबाला बार्तालीने फ्लॉरेन्समधल्या एका तळघरात आसरा दिला होता आणि त्यामुळे ते जिवंत राहिले. ही साक्ष ऐकीव नाही. ज्याच्या डोक्यावर ते छप्पर होते त्याची आहे. पकडले गेल्यास यजमानाला मरण ठरलेले होते. सन्मान देण्यास एवढे एक कृत्य पुरेसे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. याद वाशेमने आपला निर्णय आजतागायत बदललेला नाही. शिवाय अशा गुप्त कामाचे कागद शिल्लक राहतील ही अपेक्षाच चमत्कारिक आहे, असेही बार्तालीचे पाठीराखे म्हणतात. त्यात तथ्य आहे. जो माणूस खोटी ओळखपत्रे नेतो, तो पावती फाडून देत नाही. बार्ताली स्वतः तर चांगले काम करावे, बोलू नये अशा मताचा. मे २००० मध्ये तो वारला तोवर त्याने या विषयावर फारसे तोंड उघडले नाही, असे त्याचे घरचे सांगतात.

मग मॅकॉनन भावंडांचे चुकले कोठे? त्यांनी पुष्कळ श्रम घेतले, माणसांना भेटले. माझी तक्रार त्यांच्या पुराव्याविषयी नाही, शैलीविषयी आहे. आणि अशा पुस्तकात शैली हाच अर्धा पुरावा असतो. गोल्डनबर्गांनी सांगितलेले तळघर आणि कोणीही न पाहिलेली रस्त्यावरची फेरी, या दोन्ही गोष्टी ते एकाच सुरात, एकाच खात्रीने सांगतात. वाचकाला कळतच नाही की येथे जमीन पक्की आहे आणि येथून पुढे दलदल. जिथे माहिती संपते तिथे वर्णन सुरू होते. टेकड्या, सायप्रसची झाडे, ऑलिव्हच्या बागा, डोंगरमाथ्यावरची दगडी गावे यांनी रिकामी जागा भरून निघते. उंब्रियाचा निसर्ग येथे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा केला आहे आणि त्याला विचारलेला प्रश्न एकच: तू सुंदर आहेस ना?

हा निसर्ग जरा नीट पाहिला तर काही वेगळेच बोलू लागतो. ज्याने कधी सायकलीवर घाट चढला आहे त्याला नकाशा पाहताच कळेल, की फ्लॉरेन्सहून असीसीला लवकर पोहोचायचे असलेला माणूस डोंगरमाथ्यावरची गावे टाळील. सरळ वाट दरीची आहे. आर्नो नदीच्या काठाने अरेत्सो, तेथून किआनाच्या सखल खोऱ्यातून कोर्तोनाच्या पायथ्याशी, मग तेरोंतोला, त्राझिमेनो सरोवराचा उत्तर काठ, माजोने, पेरुजाचा चढ, टायबर ओलांडून असीसी. कोर्तोना वर राहते, आपण खालून जातो. आज सहलीच्या जाहिरातींत बार्तालीच्या नावाने जी चित्रे छापतात त्यांत सायकलस्वार नेहमी एखाद्या गढीसारख्या गावाच्या वेशीत शिरताना दिसतो. तो पर्यटकाचा रस्ता आहे. पर्यटकाला चढण हवी असते, कारण वर पोहोचल्यावर जेवण आणि देखावा असतो. ज्याच्या नळीत दुसऱ्यांचे प्राण गुंडाळलेले आहेत त्याला सपाट रस्ता आणि कमी वेशी हव्या असणार. तेरोंतोला स्थानकावर बार्ताली थांबे, त्याला पाहायला गर्दी जमे आणि त्या गडबडीत पळून जाणारे लोक गाडी बदलत, अशी एक आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, निदान ज्या रस्त्यावर ती घडल्याचे सांगतात तो रस्ता बरोबर आहे.

दुसरी गोष्ट ऑलिव्हची. आपल्याकडे हे फळ बाटलीतून किंवा तेलाच्या डब्यातून येते, हैदराबादकर त्याला जैतून म्हणून ओळखतात. झाड फार थोड्यांनी पाहिलेले असते. असीसीपासून स्पोलेतोपर्यंत डोंगरउताराला बांधासारखा लागून ऑलिव्हचा सलग पट्टा आहे. तेथे मोरायोलो जातीची झाडे दगडी पायऱ्यांच्या खाचरांतून लावलेली आहेत. २०१८ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने या पट्ट्याला जागतिक महत्त्वाचा शेतीवारसा म्हणून मान्यता दिली. या झाडांची तोडणी ऑक्टोबरअखेर सुरू होते आणि डिसेंबरपर्यंत चालते. झाडाला शिडी लावायची, खाली कापड अंथरायचे आणि हातांनी फांद्या विंचरल्यासारखे फळ ओरपून काढायचे. घरातली म्हातारी माणसे आणि मुलेही त्यात असत. बार्तालीच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या फेऱ्या १९४३ च्या शरदापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंतच्या. म्हणजे त्यातल्या पहिल्या फेऱ्यांच्या वेळी उतारावरच्या झाडाझाडांत माणसे होती आणि खालचा पांढरा रस्ता त्यांना मैलभर दिसत होता. इटलीचा सर्वांत प्रसिद्ध सायकलपटू खालून गेला, परत आला, पुन्हा गेला. या लोकांनी काय पाहिले?

पुस्तकाला हा प्रश्न पडत नाही, कारण पुस्तकात ही माणसे जवळजवळ नाहीत. बागा आहेत, बागाईत नाही. ही तोडणी करणारी बहुतेक कुटुंबे जमिनीची मालक नव्हती. ती अर्धेलीने कसत. अर्धे पीक मालकाचे, अर्धे कुळाचे, आणि राहते घरही मालकाचेच. टस्कनी व उंब्रियात ही पद्धत शतकानुशतके चालली. १९६४ च्या कायद्याने नवे अर्धेलीचे करार बंद झाले. पण त्याआधीच लोक कारखान्यांच्या गावी निघून जाऊ लागले होते. डोंगरातली घरे ओस पडली. पुढे त्यांतली बरीच शहरी आणि परदेशी लोकांनी विकत घेतली. म्हणजे ज्यांनी रस्ता पाहिला ते तेथे राहिले नाहीत, आणि आज जे तेथे राहतात त्यांनी तो पाहिला नव्हता. तशात जानेवारी १९८५ मध्ये असा हिमकडाका पडला, की टस्कनीतील ऑलिव्हच्या बागाच्या बागा जळाल्या. ऑलिव्हचे खोड मेले तरी मूळ सहसा मरत नाही. बुंध्याशी कापले की चार-पाच नवे फुटवे येतात. आज त्या भागात एकाच बुडख्यातून निघालेली तीन-तीन, चार-चार खोडे ठिकठिकाणी दिसतात ती त्यामुळे. बार्तालीच्या वाटेवरची म्हणून जी प्राचीन झाडे सायकलस्वार मोठ्या भक्तीने छायाचित्रांत टिपतात, त्यांतल्या कित्येकांचे वय चाळीसच्या आसपास आहे. मूळ मात्र जुने, हे खरे.

१९९७ साली जान्कार्लो ब्रोच्ची यांनी किआन्ती भागातील गायोले गावी ‘एरोइका’ ही जुन्या सायकलींची फेरी सुरू केली, तीत हे सर्व एकत्र आले. पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवर डांबर पडू नये, हा त्यामागचा एक हेतू होता आणि तो चांगला होता. १९८७ पूर्वीच्या सायकली, लोकरीचे सदरे, खांद्यावर आडवा टाकलेला टायर. पुढे २००७ पासून त्याच रस्त्यांवर ‘स्त्रादे बियांके’ ही व्यावसायिक शर्यत होऊ लागली. रस्ते वाचले हे उत्तमच झाले. पण ज्या धुळीत कुळे अनवाणी चालली ती धूळ आता हौसेने अंगावर घेतात, हे पाहून जरा हसू येते. असो.

रस्त्याविषयी कसे लिहावे याचा धडा खुद्द इटालियन साहित्यातच आहे, आणि योगायोग असा की त्याचाही एक नायक बार्तालीच आहे. कादंबरीकार दीनो बुत्साती यांना १९४९ साली ‘कोरिएरे देल्ला सेरा’ या दैनिकाने जिरो शर्यतीचा वार्ताहर म्हणून धाडले. त्यांना सायकल शर्यतीतले फारसे कळत नव्हते. पस्तिशीला टेकलेला बार्ताली आणि त्याच्याहून पाच वर्षांनी लहान फाउस्तो कोप्पी यांच्यातला तो सामना; बुत्सातींनी त्याला हेक्टर आणि अकिलिस यांचे रूप दिले. रूपक भारदस्त आहे, थोडे जडही आहे. तरीही त्यांचे लेखन विश्वासार्ह वाटते, कारण त्यांची नजर सदैव कडेला उभ्या असलेल्या माणसांकडे वळते. शर्यत कासिनो गावी आली तेव्हा त्यांनी त्या उद्ध्वस्त जुन्या गावाविषयी आणि तेथे गाडल्या गेलेल्यांविषयी लिहिले. बुत्साती कल्पना करतात तेव्हा ती कल्पना आहे हे वाचकाला कळते. भूत आले तर भूत म्हणूनच येते. मॅकॉनन यांच्या पुस्तकातली भुते रक्तामांसाची माणसे म्हणून वावरतात.

बार्तालीची दुसरी आख्यायिका येथे ओझरती सांगतो. १४ जुलै १९४८ रोजी कम्युनिस्ट नेते तोल्यात्ती यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. देशात यादवी पेटते की काय अशी स्थिती झाली. पंतप्रधान दे गास्पेरी यांनी फ्रान्समध्ये असलेल्या बार्तालीला दूरध्वनी केला, दुसऱ्या दिवशी त्याने आल्प्समधला कान ते ब्रियांसाँ हा टप्पा जिंकला, पुढे शर्यतही जिंकली आणि इटली शांत झाली! टप्पा आणि विजय हे नोंदलेले आहेत. तो एकवीस मिनिटांनी मागे होता तेथून पुढे आला, हेही खरे. देश शांत होण्याची कारणे मात्र राजकारणात शोधावी लागतात, आणि इतिहासकार ती तेथेच शोधतात. एकाच माणसाभोवती अशा दोन कथा जमाव्यात यावरून काही कळते. हरलेल्या, फॅसिझमशी घरोबा केल्याच्या अपराधाने शरमिंद्या झालेल्या राष्ट्राला एक निष्कलंक माणूस हवा होता. बार्तालीचे एक पालुपद होते, १९७९ साली त्याच्या आत्मचरित्राचे ते शीर्षकच झाले: सगळे चुकले आहे, सगळे पुन्हा करायला हवे. त्याच्या चरित्रकारांना हे पालुपद तोंडपाठ असणार.

या सर्वांत आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध दोन आहेत.

पहिला असा, की आपण सारे अशा कथांच्या आश्रयाने वाढलो आहोत. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, कोठलेही जुने मराठी घर घ्या. मूळ पुरुष अमुक सरदाराबरोबर उतरला, त्याने अमुक लढाईत निशाण वाचवले, त्याबद्दल गाव इनाम मिळाले. सनद? सनद होती, पण वाळवीने खाल्ली. किंवा वाटणीच्या वेळी चुलत घराकडे गेली. किंवा वाड्याला आग लागली तेव्हा जळाली. या कथा खोट्या असतात असे मला म्हणायचे नाही. बहुतेकींच्या बुडाशी काही खरे असते. पण त्या सांगताना आपणही मॅकॉनन भावंडांसारखेच तळघर आणि रस्ता एका सुरात सांगतो. आजोबांनी प्रत्यक्ष पाहिलेले आणि आजोबांनी ऐकलेले यांतला फरक सांगणारा वडीलधारा घरात जोवर असतो, तोवर कथेला आधार असतो. तो गेला की उरते ते पाठांतर. नव्या पिढीतली मुले परीक्षक वृत्तीची असतात. त्यांना एक जागा पोकळ लागली, की ती सगळीच भिंत पोकळ समजतात. पिवातो यांचे पुस्तक आल्यावर काहींनी गोल्डनबर्गांचे तळघरही थापेत काढले, हा त्यातलाच प्रकार.

दुसरा संबंध रक्ताचा आहे, आणि तो त्याच खोऱ्यातला आहे. बार्ताली ज्या टायबर नदीवरून असीसीकडे वळत असल्याचे सांगतात, तिच्याच काठाने थोडे उत्तरेला गेले की मोन्तोने नावाचे डोंगरमाथ्यावरचे गाव लागते. त्या परिसरात, टायबरच्या वरच्या खोऱ्यात, १० जुलै १९४४ रोजी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतील नाईक यशवंत घाडगे हे धारातीर्थी पडले. ते रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे. वय बावीस. त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज सर्वजण ठार वा जखमी झाले. घाडगे एकटे पुढे धावले, बाँब टाकून त्यांनी तोफ आणि तोफची निकामी केला, आणखी एकाला गोळी घातली, आणि काडतुसांची पेटी बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने लोळवले. त्यानंतर दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे सर्व त्याच वर्षी अधिकृत गॅझेटात छापले गेले, कोणा वृद्धाच्या आठवणीसाठी थांबावे लागले नाही. त्यांची कबर सापडत नाही. नाव कासिनोच्या स्मारकावर कोरले आहे, त्याच कासिनोत जेथून १९४९ साली बुत्सातींची शर्यत गेली.

बार्तालीकडे कथा आहे आणि कागद नाही. घाडगे यांच्याकडे कागद आहे आणि कथा नाही. मोन्तोनेच्या लोकांनी २०२३ च्या जुलैत घाडगे यांच्या नावे सूर्यघड्याळाच्या रूपातले स्मारक उभारले. आपल्या गावासाठी कोण कोठून येऊन मेला हे एका इटालियन खेड्याला जाणून घ्यावेसे वाटले. मराठीत त्यांच्यावर काय आहे? शाळेच्या पुस्तकांतले उतारे, गौरवलेख, पुतळ्याच्या समारंभातली भाषणे. त्या जुलैत खोऱ्यात पिके कोणती उभी होती, उतारावरच्या कुळांनी या सावळ्या शिपायांना काय समजले, त्यांना पाणी दिले की दारे लावली, पलटणीतली मुले संध्याकाळी काय बोलत, यातले काही आपल्याला ठाऊक नाही. अवेझानो येथील छावणीत हिंदी युद्धकैदी होते. सप्टेंबर १९४३ नंतर त्यांतले कित्येक निसटले आणि डोंगरातल्या शेतकऱ्यांनी त्यांना घरात घेतले. त्यांत मराठी किती, ते कोणाच्या घरी राहिले, परत येऊन त्यांनी काय सांगितले?

मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. बेळगाव, खानापूर, चंदगड, निपाणी या टापूतली कितीतरी घरे पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत माणसे देत आली आहेत. १९४३ ते १९४५ या काळात इटलीत असलेल्यांपैकी आता कोणी हयात असणे कठीण. पण त्यांची पत्रे असतील. सेन्सॉरने काळी केलेली का असेनात, लष्करी टपालाची कार्डे असतील, पगाराची पुस्तके असतील, पेटीच्या तळाशी एखादे इटालियन नाणे किंवा देवळातून मिळालेले चित्र असेल. वाचकांपैकी ज्यांच्या घरी असे काही असेल त्यांनी त्याची नक्कल मंडळाच्या ग्रंथपालांकडे द्यावी. पत्राबरोबर एका वेगळ्या कागदावर घरात सांगितली जाणारी हकीकतही लिहावी. आणि त्यात कोणी स्वतः पाहिले व कोणी कोणाकडून ऐकले, ते नावानिशी नोंदवावे. नक्कल पेन्सिलीने केलेली असली तरी चालेल, मूळ कागद मात्र घरीच ठेवावा.